डावीकडचं एंटर

गजूभाऊ,

तुझ्या तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी मी ऑफिस उघडलं आणि उघडल्या उघडल्या तुझ्या कीबोर्डने माझी फजिती केली. हंगाम तोंडावर आला होता. आपला वजनकाट्याचा प्रोग्राम वापरणाऱ्या चौदाही कापूस-जिनिंगवाल्यांना धीर द्यावा म्हणून ग्रुपवर लिहायला बसले. ग्रुप तुझ्या नंबरवर आणि तुझ्याच मशीनवर उघडा. लिहायचं एवढंच होतं की गजूभाऊ आपल्यात नाहीत, तरी हंगामात काटा बंद पडणार नाही. 'ण'साठी शिफ्ट दाबायला गेले, करंगळी एक घर वर पडली, आणि तिथं कॅप्सलॉकच्या जागी तू बसवलेलं एंटर होतं. मेसेज निघून गेला: "गजूभाऊ आपल्यात नाहीत, तरी हंगामात काटा बंद पड". तोही तुझ्या नंबरवरून, तुझ्या फोटोसकट.

पाच मिनिटांत फोन सुरू झाले. जाम गावच्या जिनिंगच्या मालकाने घाबरत घाबरत विचारलं, "हे कोन लिहून राह्यलं बाप्पा?" मी म्हटलं, मी आहे, मीना, भाऊच्या मशीनवर बसले आहे. तो म्हणाला, "मंग ठीक आहे. मले वाटलं, भाऊनं तिकडूनही काम चालू केलं काय." मी हसले, फोन ठेवला आणि मग जे रडू आलं ते तेरा दिवसांत आलं नव्हतं. अर्ध्या तासाने तोंड धुऊन नीट मेसेज लिहिला, माझ्या मशीनवरून.

आपण दोघं नक्की काय करतो ते तुझ्या घरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, हे मला तेरवीला समजलं. तुझे मामा मला म्हणाले, "गजू काम्पुटर दुरुस्त करे ना?" मी त्यांना सांगायला घेतलं. कापसाची गाडी जिनिंगमध्ये आली की आधी काट्यावर चढते. भरल्या गाडीचं वजन होतं, मग रिकाम्या गाडीचं. काट्याचा आकडा आपोआप कॉम्प्युटरमध्ये येतो आणि पावती निघते. ते सगळं करणारा प्रोग्राम गजूभाऊने लिहिला. मामा म्हणाले, "म्हंजे काट्याचं काम." हो, काट्याचं काम. चौदा वर्षं मी लोकांना सॉफ्टवेअर कंपनी सांगत होते, मामांनी दोन शब्दांत आटोपलं. तू असतास तर खूश झाला असतास.

मी आले होते तीन महिन्यांसाठी. हिंगणघाटात, कृषी केंद्राच्या वरच्या दोन खोल्या, एक पंखा, दोन मशीन. माझ्याकडे वर्ध्याच्या कॉलेजची पदवी होती आणि दहा बोटांनी टायपिंग येतं याचा जरा तोरा होता. तुझ्याकडे सात बोटं होती. उजव्या हाताची मधली तीन बोटं नवव्या वर्षी कडबा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये गेली, हे तू मला पहिल्याच दिवशी, चहा सांडू नये म्हणून कप डाव्या हातात घेता घेता सांगून टाकलंस. "एकदा सांगून देल्लं म्हंजे तुले पाहाव की नाई पाहाव असं होनार नाई," असं म्हणालास. त्यानंतर तो हात आपल्या दोघांत कधी विषय झालाच नाही. झाला तो एकदा, आणि तो मी केला.

त्या सात बोटांसाठी तू अख्खा कीबोर्ड फिरवून घेतला होतास. एंटर कॅप्सलॉकवर, खोडायचं बटण एस्केपच्या खाली, कंस सगळे डाव्या हाताला. मूळचं कॅप्सलॉकचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरने उपटून त्या जागी दुसऱ्या जुन्या कीबोर्डचं एंटरचं झाकण फेविक्विकने चिकटवलेलं. ते अर्थातच आकाराने बसत नव्हतं, वाकडं होतं. बाकी कळांवरची अक्षरं घासून गेलेली. तुझ्या मशीनवर दुसरं कोणी बसूच शकत नव्हतं, आणि मला नेहमी संशय होता की तुला ते आवडतं.

माउसला तू हात लावत नव्हतास. "उंदराले वावरात राहू दे." स्क्रीनवर दोनच खिडक्या, तिसरी उघडली की तुझा जीव घाबरा व्हायचा. माझ्या मशीनवर एकदम वीस उघड्या असत, तर म्हणायचास, "हे काय मीने, आष्टीचा बाजार भरवला काय?" सेव्ह केल्यावर पुन्हा एकदा सेव्ह. का, म्हणून विचारलं तर, "पयलं मशीनसाठी, दुसरं माह्यासाठी." नवीन लिहिलेला कोड स्क्रीनवर तपासणं तुला मान्य नव्हतं. त्याचे कागद छापायचे, चौकोनी घडी करून शर्टच्या खिशात घालायचे आणि खालच्या टपरीवर चहा पिता पिता लाल पेनाने वाचायचे. टपरीवाल्याला वाटायचं तू कोणाचे तरी पेपर तपासतोस. तो एकदा म्हणाला, "सर, जरा मार्क देत जा ना लेकरायले, किती लाल करता." गंमत अशी की तुझ्या नव्वद टक्के चुका त्या टपरीवरच सापडायच्या आणि मी स्क्रीनवर तपासलेल्या कोडातल्या चुका जिनिंगवाल्यांना सापडायच्या.

तुझा कोड आता मी रोज वाचते. मध्ये मध्ये तुझ्या सूचना. एका जागी लिहिलं आहेस: "हे काऊन चालते मले मालूम नाई. चालून राह्यलं तवर हात नको लावजो." मी परवा हात लावला. बंद पडलं. परत होतं तसं ठेवलं.

आणि तुझी ती बॅकअपची तऱ्हा. प्रत्येक वेळी प्रोग्रामची पूर्ण प्रत एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि त्या फोल्डरला त्या दिवशी जे घडलं त्याचं नाव द्यायचं. "पोळ्याच्या आधी." "बायको माहेरी गेली." "नामदेवकाकाचा फोन." तारीख नाही, क्रमांक नाही. या एका गोष्टीवरून मी तुझ्याशी किती भांडले असेन! जग कुठे गेलं, लोक कसे प्रत्येक बदलाची शिस्तीत नोंद ठेवतात, हे मी सांगायचे आणि तू ऐकून घ्यायचास. शेवटी ती नवी पद्धत शिकलास, माझ्यापेक्षा लवकर शिकलास, आणि तिच्यातही प्रत्येक बदलापुढे "आज लई ऊन" असंच लिहायला लागलास; फोल्डरही सोडले नाहीसच. "तारीख कोनाले याद राह्यते? त्या दिशी काय झालं ते याद राह्यते," हे तुझं उत्तर. मला ते आळशी माणसाचं उत्तर वाटायचं. आता ते फोल्डर खाली खाली उघडत गेले तर एक सापडला, "मीना नाई आली". त्याच्या पाठोपाठ दुसरा, "मीना आजबी नाई आली". असे पाच. माझे बाबा दवाखान्यात होते तो आठवडा. तू तेव्हा एकदाही फोन केला नव्हतास आणि मी मनात म्हटलं होतं की हा माणूस कामापुरताच. त्या आठवड्यातलं माझं सगळं काम तू त्या पाच फोल्डरांत करून ठेवलंस आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस. भाऊ, धन्यवाद. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं, पण तू सांगितलंस कुठे?

आता मूळ भांडण.

प्रोग्रामच्या कळाही तू डाव्या हाताच्याच ठेवल्या होत्यास. वजन पकडायचं टॅबने, नोंद पक्की करायची एफ-वनने, पावती एफ-थ्रीने. सगळं कीबोर्डच्या डाव्या अंगाला. उजवीकडचं भलंमोठं एंटर दाबलं तर काहीच व्हायचं नाही. जुन्या काटेवाल्यांना सवय होती. पण नवीन जिनिंगमध्ये जो काटेवाला लागला तो टायपिंगचा क्लास करून आलेला. तो रोज फोन करून मला म्हणायचा, "मॅडम, एंटर मारतो तं काईच नाई होत." त्याच्या मालकाने तर सांगून टाकलं की या हंगामाच्या आधी कळा बदला, नाहीतर आम्ही नागपूरवाल्यांचा प्रोग्राम बसवतो. मी तुला गणपती गेल्यापासून सांगत होते. तू म्हणत होतास, "पाहू." मग म्हणालास, "काट्यावर तेच बरोबर आहे." का बरोबर आहे, ते सांगितलं नाहीस. तुला वाटत असे की बरोबर गोष्ट सांगावी लागत नाही. ही तुझी खोड होती, आणि मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं असलं तरी मी ती लिहिणार आहे.

त्या सोमवारी दुपारी डबे उघडले होते. त्या मालकाचा पुन्हा फोन येऊन गेला होता. मी म्हटलं, भाऊ, आज ठरव. तू म्हणालास, "नाई बदलवत." आणि मी म्हटलं, "तुझ्या एका हातासाठी अख्ख्या जिल्ह्यानं डावखुरं व्हायचं का?"

तुझा उजवा हात टेबलावर होता. तो तू उचललास आणि खिशात घातलास. चौदा वर्षांत तू तो हात माझ्यासमोर कधी लपवला नव्हतास. मग म्हणालास, "बरं. बदलवतो," आणि डब्याचं झाकण लावलंस.

त्यानंतर तू सहा दिवस ऑफिसला आलास. सहा दिवस होते माझ्याकडे. तू कामापुरतं बोलत होतास, मी कामापुरतं. माफीचं वाक्य रोज तोंडात तयार असायचं. पण तू मान खाली घालून टकटक करत होतास आणि मला वाटायचं, आत्ता नको, आत्ता त्याचं काम चाललं आहे, झालं की बोलू. सातव्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला की छातीत कळ आली, गाडी काढली, पण दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं आटोपलं.

तुझ्या मशीनवर शेवटचा फोल्डर होता त्याला नाव नव्हतं. नुसती तारीख होती. दिवस, महिना, वर्ष, अगदी मी सांगायचे तशी. मी त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत बसले. मग फोल्डरच्या आत गेले. तू सगळ्या कळा बदलल्या होत्यास. एंटरने नोंद, उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी वजन, सगळं माझ्या म्हणण्याप्रमाणे, कुठंही कुचराई नाही. कागद छापून तपासलेलेही होते, तुझ्या ड्रॉवरमध्ये, लाल पेनाने. स्वतःच्या हाताला न जमणारी रचना तू एक एक कळ दाबून तपासली होतीस. कशी, ते मला माहीत नाही.

ती नवी प्रत घेऊन मी आधी जामला गेले, कारण तिथला काटा सगळ्यात आधी सुरू होतो. नामदेवकाका वीस वर्षांपासून त्या केबिनमध्ये आहेत. मी प्रोग्राम टाकला, कळा समजावून सांगितल्या. काकांनी "हाव, हाव" केलं. पहिली गाडी चढली. ड्रायव्हरने खिडकीतून गेटपास आत दिला, काकांनी उजव्या हाताने घेतला. वजन पकडायला तोच हात परत कीबोर्डवर आणावा लागला, तर तोवर ड्रायव्हर कागद परत मागत होता. परत हात खिडकीत. परत कीबोर्डवर. तिसऱ्या गाडीला मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले, आणि काका उठून उभे राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "माहा उजवा हात तं खिडकीत राह्यते. मंग हे दाबन कोन?"

मी म्हटलं, "काका, हे आधीचं डाव्या हाताचं होतं ते भाऊच्या हातामुळे होतं ना?"

काका म्हणाले, "भाऊच्या हातानं काय होते? भाऊ काय काट्यावर बसे? इथं तीन दिवस बसून होते ते, या स्टुलावर. ऐन हंगामात. काईच नाई करे. नुसते माहे हात पाह्यत. मले तं वाटलं, मालकानं ठेवले की काय माह्यावर नजर ठेवाले. मंग चवथ्या दिशी आले अन् म्हनाले, काका, तुमचा डावा हात रिकामा राह्यते, सगळं तिकडं देतो."

मी आधीचा प्रोग्राम परत टाकला. "बायको माहेरी गेली" या फोल्डरातला. काकांनी चार गाड्या झरझर काढल्या, डाव्या हाताने, उजवा हात खिडकीत. मग मला चहा सांगितला. मी तो कसा प्यायले ते विचारू नकोस.

म्हणजे माझं ते वाक्य नुसतं लागट नव्हतं, खोटंही होतं. आणि तू ते खोटं आहे हे सांगितलं नाहीस. "तीन दिवस बसलो होतो" एवढंच म्हणायचं होतं, चार शब्द. मी विचारलं असतं की सांगितलं का नाहीस, तर तू म्हणाला असतास, "तू विचारलं काऊन नाई?" बरोबर. विचारलं नाही. पण भाऊ, आता दुसरंही ऐक. मी पुढच्या आठवड्यात त्या नवीन जिनिंगवर गेले आणि आधी स्टुलावर बसले. तीन दिवस नाही, एक दुपार. तिथल्या केबिनची खिडकी डावीकडे आहे. त्या पोराचा डावा हात खिडकीत असतो आणि उजवा रिकामा. तुझी नवीन प्रत तिथं चपखल बसली. तो मालक आता नागपूरवाल्यांचं नावही काढत नाही. म्हणजे तूही चुकला होतास. एका खिडकीवरून तू चौदा खिडक्या ठरवल्यास. हे तुला सांगायला मी जिना चढत येत होते, दोन दोन पायऱ्या एका वेळी, आणि वर दाराला कुलूप होतं.

काल तुझ्या घरी गेले. ऑफिसातल्या तुझ्या चपला, स्टीलचा कप आणि चष्म्याची जुनी डबी द्यायची होती. गिरडहून पुढे रस्ता अजून तसाच आहे, वहिनी अंगणात शेंगा सोलत बसली होती. मी कीबोर्डचं विचारलं, घरी आणून देऊ का म्हणून. वहिनी म्हणाली, "त्याचं काय करू मी? राहू द्या तिथंच." मग मी पण शेंगा सोलायला घेतल्या, कारण रिकाम्या हाताने ते विचारता येत नव्हतं. विचारलं. वहिनी, त्या सोमवारचं काही बोलला होता का तो?

मला काय ऐकायचं होतं ते तुला कळेलच. त्याने मनावर घेतलं नव्हतं, हसून सोडून दिलं होतं, असं काहीतरी. वहिनीने शेंगा सोलायचं थांबवलं नाही.

"सांगतलं ना. डबा तसाच वापस आनला होता त्यायनं. म्या इचारलं तं म्हने, मीना बोलली. लागलं होतं त्यायले. खोटं कायले सांगू तुमाले? म्हने, लहानपनी पोरं बोलत, तवा काई वाटे नाई. हे मातर लागलं."

मी शेंगा सोलत राहिले. वहिनीने माझ्यासमोर आणखी एक ओंजळ शेंगा टाकल्या.

"म्या म्हनलं, मंग सांगा ना तिले, की असं नोतं बोलाव. तं म्हने, सांगीन. पयले तिचं काम होऊन जाऊ दे."

तर गजूभाऊ, असं झालं. तू मला खडसावणार होतास आणि मी तुझी माफी मागणार होते. एका खोलीत, चार हातांच्या अंतरावर, सहा दिवस आपण दोघं काम संपायची वाट बघत होतो. तुला लागलं नव्हतं असं वहिनी म्हणाली असती तर मी आयुष्यभर त्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करत बसले असते. बरं झालं, ती खरं बोलली.

काम झालं आहे. चौदाही काटे सुरू आहेत. आता बोलायला हरकत नाही.

चुकलं माझं, भाऊ.